भोपळ्यावरचं अक्षर

भोपळा हे काही रडायचं कारण नव्हे. भोपळा म्हटलं की माणसाला हसू येतं. परीक्षेत शून्य मिळालं तरी लोक भोपळाच मिळाला म्हणतात. पण आबा यंदाच्या पानगळीत भोपळ्यापायी जे करून बसले, त्यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला हसू येईल त्यानं खुशाल हसावं, आपलं काही म्हणणं नाही.

गावाबाहेरच्या उतारावर आबांचा मळा. खाली भोपळ्याचे वेल, वर मका आणि कुंपणाच्या कडेनं सफरचंदाची जुनी झाडं. उभा जन्म त्यांनी त्या उतारावर काढला. माणूस कामाला वाघ, पण त्यांच्या तोंडून दोन शब्द काढायचे तर पकड आणावी लागे. "हं" म्हटलं की होकार आणि काहीच म्हटलं नाही की नकार, हे घरातल्यांना सवयीनं कळायचं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं त्यांची बायको त्यांना उठता-बसता ऐकवायची. त्यावरही ते काही बोलत नसत.

एकाच विषयावर त्यांची जीभ सुटायची. भोपळा तोडला की त्याला ऊन दाखवा. वीतभर देठ ठेवा, आठवडाभर उन्हात मांडा, नखानं ओरखडा उठेनासा झाला की मग घरात घ्या. असा भोपळा थंडी सरेपर्यंत टिकतो. आणि ऊन न दाखवता अंधारात ठेवाल तर आतल्या आत त्याचं पाणी होतं. हे प्रवचन ते मळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला देत, मग त्यानं विचारलेलं असो वा नसो.

आणि येणारे पुष्कळ असत. पानं पिवळी पडायला लागली की दर सुट्टीला गावातली माणसं पोराबाळांना घेऊन मळ्यावर दिवस काढायला येत. ही कल्पना आबांच्या बायकोची. पेंढा पसरलेल्या ट्रॉलीतून शेताला चक्कर, निखाऱ्यावर भाजून लोणी चोपडलेली कणसं, मोठ्या पातेल्यातलं भोपळ्याचं सूप, तिथल्या तिथं दाबून काढलेला सफरचंदाचा रस, आणि भट्टीत भाजून मध ओतलेल्या भोपळ्याच्या फोडी. पोरं खायची, लोळायची, अंगभर पेंढा घेऊन घरी जायची. आबांच्या कपाळाची आठी मात्र संध्याकाळपर्यंत उतरत नसे. माणसं वेल तुडवतात ही त्यांची तक्रार. त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं, की अहो, तुडवायलाच येतात ती, घरी फरशीवर काय तुडवणार. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, असं शेजारीपाजारी म्हणत. आणि भोपळा कोण नि विळा कोण हे सांगायची गरज कुणाला पडली नाही.

तिला आपण आजी म्हणू, कारण नातवंडं आल्यापासून सगळेच म्हणायला लागले होते. आबा तेवढे तिला "ही" म्हणत. तर या आजीनं घरात एक रीत पाडली होती. उन्हाळ्यात भोपळे मुठीएवढे असताना ती पोती शिवायचं दाभण घेऊन अवजारांच्या खोलीमागच्या वाफ्यात जायची. तो वाफा घरच्यांचा, तिथं बाहेरच्यांना पाय ठेवायची बंदी. तिथं एकेका कोवळ्या भोपळ्यावर ती दाभणाच्या टोकानं घरातल्या एकेकाचं नाव ओरखडायची. वरची साल तेवढी फाटेल इतकंच. खोल गेलं की फळ कुजतं. ओरखड्यातून चीक यायचा, तो वाळायचा, खपली धरायची, आणि मग भोपळा वाढेल तसं अक्षरही वाढायचं. उन्हाळ्यात नखाएवढं असलेलं नाव पानगळीत वीतभर होऊन फुगून वर यायचं, बोटानं चाचपावं इतकं.

मग घरच्यांचा एक रविवार असे. त्या दिवशी मळ्याचं फाटक बाहेरच्यांना बंद. थोरली लेक नवरा आणि दोन पोरांना घेऊन शहरातून यायची. धाकटा लेक तर मळ्यावरच राहायचा, ट्रॅक्टर त्याच्याच हाती. पोरांनी सुकलेल्या पानांत हात घालून आपापलं नाव शोधायचं. सापडलं की ते फळ त्याच दिवशी कापायचं, भाजायचं आणि सगळ्यांनी बसून संपवायचं. ठेवायचं नाही. थोरलीनं एकदा घरी नेऊ का म्हणून विचारलं, तर आजीनं तिला उडवून लावलं होतं. नाव शोभेला ठेवायचं नसतं, पोटात घालायचं असतं, असं तिचं म्हणणं.

थोरलीच्या मुलीला घरात मुंगी म्हणत. रांगायला लागल्यापासून साखरेचा डबा शोधून काढायची म्हणून मुंगी. तिच्या पाठच्याचा गळा जन्मापासून मोठा, म्हणून तो भोपू. शाळेतली नावं दोघांना वेगळी होती, पण भोपळ्यावर मुंगी आणि भोपूच असायचं. आजीचं अक्षर वळणदार नव्हतं. मुंगीतलं टिंब ती दाभण रुतवून, गोल फिरवून काढायची, आणि भोपळा वाढला की ते टिंब लिंबाएवढं व्हायचं. त्यावर दर वर्षी हसणं ठरलेलं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आजीला दुखणं लागलं. दुखण्याचं नाव काढायला नको, त्याला सगळे ओळखतात. औषधांनी केस गेले, अंग गेलं, चेहरा तर असा झाला की आरशावर तिनं स्वतःच फडकं टाकलं. उन्हाळा लागला तेव्हा थोरली पोरांना घेऊन भेटायला आली. भोपू काय, लहान. तो पलंगावर चढून बसला आणि औषधाच्या बाटल्या मोजायला लागला. मुंगी नऊ वर्षांची, तिला सगळं दिसत होतं. ती दारापर्यंत आली, आत पाहिलं, आणि मागच्या पावली पळत जाऊन गाडीत बसली. आतून दार लावून घेतलं. आईनं समजावलं, बापानं दटावलं, धाकटा मामा काचेबाहेर वेडीवाकडी तोंडं करून दमला. पोरगी हलली नाही. शेवटी गाडी निघाली तेव्हा आजी खिडकीशी येऊन हात हलवत होती, आणि मुंगीनं डोकं गुडघ्यांत घातलं होतं. हीच त्यांची शेवटची भेट, जर हिला भेट म्हणायचं असेल तर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी धाकटा गावात गेलेला असताना, आजीनं आबांना सांगितलं की मला मागच्या वाफ्यात न्या. उठून बसवत नव्हतं तिला. आबांनी खताची हातगाडी धुतली, तिच्यात दोन उशा घातल्या, बायकोला उचलून तिच्यात ठेवलं आणि ढकलत नेलं. उचलताना ती किती हलकी लागली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वाफ्यात तिनं फळं नजरेखालून घातली आणि सगळ्यात मोठं होईल असं एक दाखवलं. फळाचा अंदाज तिचा कधी चुकत नसे. आबांनी तिचा हात खालून धरला आणि तिनं त्यावर मुंगीचं नाव काढलं. टिंब काढताना हात इतका थरथरला की आबा म्हणाले, राहू दे. तिनं ऐकलं नाही. मग बाजूच्या एका फळावर भोपूचं नाव काढलं, आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली. बाकीच्यांची राहिली.

परत येताना ती हातगाडीत डोळे मिटून पडली होती. वाटेत म्हणाली, "पोरीला वाटेल आजी रागावून गेली. तेवढं तिला दाखवा. आपलं नाव बघितलं की कळेल तिला."

आबा म्हणाले, "हं."

आठ-दहा दिवसांनी ती गेली. ती वाफ्यात जाऊन आल्याचं आबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सांगायचं ठरवून ठेवलं होतं असंही नाही आणि लपवायचं होतं असंही नाही. आबांनी न सांगितलेल्या गोष्टी आयुष्यभरात ढीगभर होत्या, त्यांत ही एक.

ती गेल्यावर घर थांबलं. तिचा चष्मा खिडकीत होता तिथंच राहिला. पण मागच्या वाफ्यात तिचं अक्षर वाढत होतं. आबा रोज तिन्हीसांजेला तिथं जाऊन उकिडवे बसत आणि पानं बाजूला सारून बघत. ती होती तेव्हा करंगळीच्या पेराएवढं असलेलं अक्षर आता बोटभर झालं, मग टीचभर झालं. माणूस मातीत गेलं तरी त्याचा हात अजून चालतोच आहे, असं त्यांना वाटायचं. एरवी भुताखेताला हसणारा माणूस, पण कधीकधी ते त्या भोपळ्याशी बोलायचे. जिवंतपणी तिच्याशी जेवढं बोलले नाहीत तेवढं बोलले, असं म्हटलं तरी चालेल. उशिरानं शहाणपण येतं ते असं.

पानगळ आली. धाकट्यानं ट्रॉलीत पेंढा भरला, कणसांची शेगडी बाहेर काढली. माणसं येऊ लागली, कारण माणसांना काय, ऋतू बदलला की बाहेर पडायचंच असतं. सूप आता धाकटा करायचा आणि त्यात मीठ जास्त पडायचं. घरच्यांचा रविवारही त्यानं आणि थोरलीनं मिळून ठरवला. यंदा आई नाही, पण पोरांना तेवढीच आठवण, असं थोरली फोनवर म्हणाली.

तो दिवस ठरल्यापासून आबांची झोप उडाली. पोरं येतील, पानं उपसतील, नावं सापडतील, इथवर ठीक. पण संध्याकाळपर्यंत ते भोपळे कापले जाणार, भाजले जाणार, आणि रात्री मागं सालं तेवढी उरणार. ती एकदा गेली ते त्यांनी उभं राहून पाहिलं होतं. ताटाताटांतून तिला पुन्हा जाताना बघायची त्यांच्यात ताकद नव्हती. कापणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. मुंगीला दाखवायचं होतं, ते ते विसरले नव्हते. पण त्यांनी मनाला समजावलं की तिला पुढं कधी एकटीला आणून दाखवू, भोपळा काही पळून जात नाही.

आणि मग उभ्या जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. रविवारच्या पंधरा-वीस दिवस आधी, पहाटेच्या धुक्यात, त्यांनी दोन्ही भोपळे वेलावरून तोडले. उन्हात मांडावे तर धाकटा बघणार. कोठारात ठेवावे तर तिथं त्याची सारखी ये-जा. म्हणून अवजारांच्या खोलीमागं बटाटे साठवायचा जुना खड्डा होता, त्यात त्यांनी ते उतरवले. मुंगीचा जड, तो खाली मातीवर. भोपूचा लहान, तो मध्ये एक पोतं घालून वर फळीच्या तुकड्यावर. त्यावर पोती, पोत्यांवर फळ्या. ऊन नंतर दाखवू, रविवार उलटला की लगेच काढू, असं म्हणाले. सगळ्या गावाला ऊन दाखवा म्हणून सांगत फिरणारा माणूस हा. पुढचा सबंध आठवडा पाऊस पडला. आबांना त्या पावसात रोज खड्ड्याची आठवण यायची आणि रोज ते उद्यावर ढकलायचे. उघडायची भीतीच वाटत होती म्हणा ना.

घरच्यांचा रविवार उजाडला तो ढगाळच. थोरली आली, जावई आले, पोरं उतरली. मुंगी उन्हाळ्यापासून उंच झाली होती आणि गप्प झाली होती. भोपूचा गळा होता तसाच होता. तो उतरल्या उतरल्या ओरडत अवजारांच्या खोलीमागं पळाला, आणि त्याच्या मागून मुंगी. तिची चाल पळण्याची नव्हती. शाळेत निकाल घ्यायला जावं तशी ती गेली.

वाफ्यात वाळके वेल होते. दोघांनी सगळा वाफा पालथा घातला. निनावी भोपळे निघाले चार-पाच. आबा काठीवर भार देऊन उभे होते. भोपूनं तोंड फिरवून विचारलं की आमचे कुठं आहेत, तर ते म्हणाले, "यंदा आजारपणात राहून गेलं."

आयुष्यात फारसं बोलले नाहीत म्हणून आबांच्या नावावर खोटंही फारसं नव्हतं. हे मात्र सरळ आलं, अडखळलंसुद्धा नाही. भोपूनं दोन मिनिटं भोकाड पसरलं. मग मामानं ट्रॅक्टर सुरू केला आणि तो सगळं विसरून ट्रॉलीत जाऊन बसला.  मुंगीनं उपसलेली पानं पुन्हा होती तशी वाफ्यावर पसरून ठेवली.

सफरचंदाच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. सगळं होतं त्यावर. कणसं होती, पाव होता, रस होता, निनावी भोपळ्यांतलाच एक कापून भाजलेला होता. आजीच्या जागेवर कुणी बसलं नाही आणि ती जागा रिकामी आहे हे कुणी बोललं नाही. जावयांनी सूप चाखून छान झालंय म्हटलं; बिचाऱ्यांचा नाइलाज. मुंगीनं पावाचा तुकडा चुरून ठेवला. थोरली तिच्यावर खेकसली की एवढं लांबून आलोय ते तोंड पाडून बसायला का. तशी ती उठून झाडांच्या पलीकडं गेली, आणि हातातलं कणीस खात खात भोपू तिच्या मागं गेला.

आबा रस गाळायच्या निमित्तानं तिकडं गेले होते. फळांच्या रिकाम्या पेट्यांच्या अल्याड ते, पल्याड पोरं. भोपू काहीतरी विचारत होता. मुंगी त्याला समजावत होती, हलक्या आवाजात, मोठ्या बहिणी समजावतात तशी.

"आजी माझ्यावर रागावली होती. मी गाडीत बसून राहिले ना तेव्हा. म्हणून तिनं कुणाचंच नाव काढलं नाही. माझं सोडून नुसतं तुझं काढलं तर बरं दिसलं नसतं. माझ्यामुळं तुझं पण गेलं."

भोपू म्हणाला, पुढच्या वर्षी काढेल. मुंगी म्हणाली, पुढच्या वर्षी कोण काढणार, वेड्या.

आबांच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.  बायकोनं जाता जाता एकच काम सांगितलं होतं. ते न करता त्यांनी तिचं अक्षर स्वतःसाठी दडवून ठेवलं होतं, आणि नऊ वर्षांची पोर ते ओझं अंगावर घेऊन बसली होती. कापले तर कापले, खाल्ले तर खाल्ले. त्यांनी गाळणं खाली ठेवलं आणि पलीकडं जाऊन मुंगीचा हात धरला.

"चल," ते म्हणाले. "तुला एक दाखवायचंय."

काय दाखवायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं आपल्या डोळ्यांनी वाचावं, आपल्या बोटांनी टिंब चाचपावं, असं त्यांच्या मनात होतं. तेव्हाच तोंडानं सांगितलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. पण सवय कुठं जाते.

खड्ड्याशी आल्यावर आबा गुडघ्यांवर बसले आणि फळ्या सारायला लागले. मुंगी वाकून बघत होती. काहीतरी चांगलं आहे एवढं तिला कळलं असावं, कारण ती आबांच्या खांद्याला टेकली होती आणि तिचा श्वास भरभर चालला होता. पहिलं पोतं काढलं. फळीच्या तुकड्यावर भोपूचा भोपळा होता. एक बाजू मऊ पडली होती, बाकी साबूत, आणि त्यावर आजीच्या वेड्यावाकड्या अक्षरात, फुगून आलेलं, भोपू.

मुंगीनं ते वाचलं. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि आबांकडं पाहिलं. तोंडभर हसली नाही, पण हसायच्या बेतात होती.

आबांनी तो बाजूला ठेवून खालचं पोतं ओढलं आणि वास आला. तो वास त्यांना ओळखीचा होता, जन्मभराचा. तरी त्यांनी दोन्ही हात खाली घातले. सगळ्यात मोठा, आजीनं निवडलेला, म्हणून सगळ्यात जड, म्हणून सगळ्यात खाली ओल्या मातीवर ठेवलेला तो भोपळा. हात त्याच्यात मनगटापर्यंत गेले. साल हातात सुटून आली. खाली नुसतं काळपट पाणी आणि बिया होत्या. अक्षर काढलेल्या जागी साल पातळ असते, कुजायला तिथूनच सुरुवात होते. हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांना सगळंच ठाऊक होतं.

"हे तुझं होतं," आबा म्हणाले. "सगळ्यात मोठं. तिनंच निवडलं होतं."

मुंगी त्या चिखलाकडं बघत राहिली. आबा सालीचे तुकडे काठावर मांडून जुळवू लागले. एका तुकड्यावर एक उंचवटा होता. हे बघ टिंब, ते म्हणाले. तिनं पाहिलं. ते टिंब होतं की नुसता फोड, हे आता आबांनाही शपथेवर सांगता आलं नसतं.

"म्हणजे भोपूचं काढलं होतं," मुंगी म्हणाली.

"तुझं आधी काढलं. आधी तुझं, मग त्याचं."

आणि मग आबा बोलायला लागले. हातगाडी धुतल्याचं सांगितलं, उशा घातल्याचं सांगितलं, दाभण, थरथरणारा हात, ती वाटेत काय म्हणाली, सगळं सांगितलं. आजी तुझ्यावर रागावली नव्हती, तिला उलट तुझीच काळजी होती, असं दोनदा सांगितलं. जन्मभर गिळून ठेवलेले शब्द असे भडाभडा बाहेर पडत होते, आणि पोरगी त्यांच्या तोंडाकडं नवलानं बघत होती. आबा इतकं कधी बोलत नसत. मोठी माणसं लहानांशी इतकं लांबलचक कधी बोलतात ते तिला माहीत होतं. कुत्रा मेला तेव्हा बाबा असेच बोलले होते.

ती त्यांच्याजवळ खाली बसली. तिनं बाहीनं त्यांचा हात पुसला.

"म्हणून तुम्ही लपवून ठेवलं होतं ना, आबा? भोपूचं आहे आणि माझं नाही, हे मला दिसू नये म्हणून."

"नाही गं," आबा म्हणाले. "तसं नाही."

"मग कशाला लपवलं?"

आबांनी सांगितलं की मला ते कापवत नव्हते. खरं तेवढंच होतं, आणि बोलून झाल्यावर ते त्यांच्या स्वतःच्या कानांनाही खोटं वाटलं. भोपळ्यांचा माणूस, त्याला भोपळा कापवत नाही. मुंगीनं मान हलवली. समजलं नाही तरी समजल्यासारखी हलवतात तशी.

"असू दे," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

भोपूचा भोपळा तीच पोटाशी धरून टेबलापर्यंत घेऊन आली. आबा मागून आले. हात धुवायचे राहिले होते. टेबलाशी एकच गोंधळ उडाला. भोपूनं असा गळा काढला की झाडावरचे पक्षी उडाले. थोरलीनं आईचं अक्षर पाहिलं. त्या अक्षरावर गाल टेकवून ती रडली, आणि धाकटा तिच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडं बघत उभा राहिला. आई वाफ्यात गेली कधी, आम्हाला कसं कळलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग थोरलीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"आणि मुंगीचं?"

आबांनी तोंड उघडलं. पण शब्द जुळवायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, आणि मुंगी तयारीत होती.

"माझं सगळ्यात मोठं होतं," ती म्हणाली. "आजीनंच निवडलं होतं. खाली ओल्या मातीवर होतं म्हणून ते सडलं. तिनं आधी माझंच काढलं होतं, मग भोपूचं. आबा तिला हातगाडीतून घेऊन गेले होते."

कुठं अडखळली नाही, एक शब्द चुकली नाही. थोरलीनं तिला ओढून छातीशी धरलं आणि म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते, आजी तुझ्यावर रागावेल का कधी. सगळ्यांना ते पटलं. धाकटा सुरी आणायला घरात गेला. आईच्या खांद्यावरून मुंगीनं आबांकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली, की काळजी करू नका, कुणाला कळलेलं नाही.